चालत्या गाडीचा गिअर

साल दोन हजार अठरा. तेव्हा माझं वय कागदावर एकसष्ट. खरं त्याहून दोन-तीन जास्त असेल, पण ते सांगणारी आई आता नाही, म्हणून मी कागदालाच धरून चालतो. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे शिकलो ते कुणी शिकवलं म्हणून नाही, "तुला जमायचं न्हाई" असं कुणीतरी म्हटलं म्हणून शिकलो. विहिरीची मोटर खोलायला असंच शिकलो, ट्रॅक्टरही असाच. अन् त्या वर्षी, तुरी काढणीला आल्या तेव्हा, ट्रकचा गिअर बदलायला शिकलो. तो मात्र वेगळ्या कारणानं.

आज त्याला काही वर्षं झाली. यंदाही तुरी वाळल्यात. वारा सुटला की शिवारभर कुणी सुपात खडे हलवल्यासारखा आवाज होतो. येळवस तोंडावर आलीय. आमच्या लातूर-नांदेडकडं मार्गशीर्षातल्या अवसेला घरंच्या घरं रिकामी होऊन शेतात जातात, कडब्याची कोप उभी करतात, भज्जी अन् आंबील पोटाला तडस लागेस्तोवर खातात. बाहेरच्यांना दिवाळी मोठी असेल. आम्हाला येळवस मोठी. पण यंदा चूल एका माणसाची आहे. मी ओसरीवर घोंगडं घेऊन बसतो अन् ट्रक ऐकतो. मुखेडहून उदगीरच्या अडतीला माल नेणाऱ्या गाड्या आमच्या घराशेजारच्या चढाला लागतात, अन् तिथं प्रत्येकाला गिअर बदलावाच लागतो. कोण हाताचा मऊ, कोण आडदांड, कोण घरी भांडून आलाय, मला न बघता कळतं.

काल लातूरच्या दवाखान्यातून सुनेचा फोन आला. सुनीता फोनवर कधी रडत नाही. म्हणाली, "मामा, जखम पुन्हा उघडलीय. अन् ह्यांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलंय. हाक मारली तर ओ देईनात."

फोन कानालाच होता. तेवढ्यात चढावर एक भरलेली गाडी आली, अन् तिचा तिसरा गिअर दातांवरून करकरत गेला. तो सबंध हंगाम माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

व्यंकट माझा एकुलता एक. त्याची आई लवकर गेली. शेतात त्याचं मन नव्हतं, गाडीत होतं. उदगीरच्या इस्माईलभाईच्या ट्रकवर तो क्लीनर म्हणून लागला, त्याच्याच हाताखाली चालवायला शिकला, त्याला वस्ताद म्हणायला लागला, अन् पुढं स्वतःची जुनी गाडी घेतली. मी त्या गाडीत कधी बसलो नाही. त्यानं बस म्हटलं नाही, मी बसू का म्हटलं नाही. आमच्या घरात असंच चालतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, उदगीरला भरलेल्या मालावर ताडपत्री बांधत होता. वर उभं राहून दोर ओढताना दोर तुटला, अन् हा पाठीवर खाली. गाडी जागेवर उभी. अपघात म्हणावा तर चाक फिरलेलं नाही. कमरेखालचं सगळं गेलं.

लातूरच्या दवाखान्यातून घरी आणला तो दिवस मला नीट आठवतो. खाटेवर ठेवला, त्यानं मान भिंतीकडं वळवली, अन् ती तशीच राहिली. भेटायला येणारे यायचे, चहा पिऊन हळहळून जायचे. हा डोळे मिटून. सुनीतानं घास तोंडाशी नेला की तोंड उघडायचा, तेवढंच. मी खाटेशी बसून बोलायचो. तुरीला फूल आलं, तुरीला शेंग लागली, अमक्याची म्हैस व्याली. भिंतीशी बोलल्यागत. मुखेडच्या डॉक्टरनं मला बाहेर नेऊन सांगितलं, "बाबा, पाय यायचे नाहीत. पण पायानं माणूस मरत नाही. पाठीखाली जखम झालीय ती माणूस नेते. त्याला बसवा. हात चांगले आहेत, हातांवर जोर देऊन त्यानं स्वतः उठलं पाहिजे. तुम्ही उचलून किती दिवस पुरणार?"

बसवायला गेलो की तो अंग टाकून द्यायचा. गव्हाचं पोतं तरी उचलताना जरा साथ देतं.

ती जखम मी बघितली आहे. माकडहाडाशी. मूठ मावली असती. तिचा वास घरात फिरायचा, अन् सुनीता उदबत्ती लावायची, अन् मग दोन्ही वास मिळून फिरायचे. आजही कुठं उदबत्ती लागली की मी उठून बाहेर जातो.

गाडी घराबाहेर कडुनिंबाखाली उभी होती. दलाल यायचे. मी म्हणायचो, मालक आत झोपलाय, त्याला विचारा. आत जायची कुणाची छाती व्हायची नाही. इस्माईलभाई मधून मधून उदगीरहून यायचा, गाडी चालू करायचा, जरा पुढं-मागं घ्यायचा. एकदा ओसरीवर चहा पिताना बोलून गेला, "काका, ऐसी खडी नक्को रखो. पडी पडी चीज सड जाती." बोलला अन् त्याचं त्यालाच कळलं. कप खाली ठेवला. आतल्या खिडकीकडं बघितलं. खिडकी उघडी होती. त्यानंतर बरेच दिवस तो आला नाही.

म्हणून एका सकाळी मीच चढलो. मनात एवढंच, की लेकराची गाडी सडू द्यायची नाही. केबिनमध्ये डिझेलचा, तंबाखूचा अन् तुरीच्या भुशाचा वास. आरशाला कंगवा खोचलेला. सीटखाली त्याच्या चपला, एक उलटी. मी त्या सरळ केल्या.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं येतं. ट्रॅक्टरला कसं असतं, उभं राहून गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, अन् मग नांगराचं तास संपेस्तोवर त्याच गिअरमध्ये. बदलायचा तर पुन्हा उभं राहायचं. ट्रक असा चालत नाही. तो चालता चालता बदलावा लागतो, अन् जुन्या गाडीचा तर आतले दात एका चालीत आल्याशिवाय पडतच नाही. हे मला कुठं माहीत? घरामागच्या माळावर पहिल्यात घेतली, अन् दुसरा टाकायला अर्धाच क्लच दाबून दांडी हाणली. जात्यात लोखंड पडल्यासारखा आवाज झाला. सगळी केबिन थरथरली.

बघतो तर सुनीता पळत येतेय, हात पिठाचे, डोक्यावरचा पदर उडालेला. मला वाटलं कोंबडी चाकाखाली गेली. गाडी बंद केली.

"मामा! बोलले! ते बोलले!"

"काय बोलला?"

ती खाली बघायला लागली. "शिवी दिली."

"कुणाला?"

"तुमाला, मामा."

मी पुन्हा सेल्फ मारला. म्हटलं, "मग थांब, अजून एकदा टाकतो."

असा तो शिकायचा हंगाम सुरू झाला. व्यंकट खाटेवर, तोंड भिंतीकडंच. पण त्या भिंतीपलीकडं माळ होता अन् कान उघडे होते. इंजिनच्या आवाजात मला त्याचं ओरडणं ऐकू यायचं नाही, म्हणून सुनीता खिडकीशी उभी राहायची अन् निरोप पोचवायला पळत यायची. आता बघा, सासऱ्यापुढं तोंड वर करून न बोलणारी सून, अन् निरोप असे.

"मामा, ते म्हणायलेत, जरा सावकाश घ्या."

"एवढा वेळ वरडत होता, अन् एवढंच म्हणला?"

"बाकीचं मला तुमच्यापुढं म्हणता येईना."

पुढं हळूहळू तिची भीड मोडली. नंतर नंतर तर माळाच्या त्या टोकावरूनच हात हलवून ओरडायची, "मामा! ट्रॅक्टर न्हाई ते! म्हशीवाणी थांबू नका म्हणायलेत! चालता चालता बदला!" शेजारपाजारचे कुंपणाशी येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "काय काका, ह्या वयात लायसन काढायलाव का?" मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या वरातीला ड्रायव्हर पाहिजे म्हणलास न्हवं." लोक हसले. मीही हसलो. हसताना सुनीताकडं नजर गेली. ती खिडकीकडं बघत होती, आतून हसण्याचा आवाज येतो का म्हणून. आला नाही.

कारण तो फक्त गिअरबद्दल बोलायचा. मी आत जाऊन विचारावं, "जेवलास का?" उत्तर नाही. "दुखायलंय का?" नाही. "सेकंड कसा पडला?"

"गाढव जिन्यावरून पडल्यावाणी."

एवढं बोलायचा, भिंतीला. मग मी पुढचं विचारायचो, अन् तो सांगायचा. दांडी मुठीत धरू नको, दादा, ते नांगराचं रुमणं न्हाई. तळहात उघडा ठेव, नुसता ढकल. नाही गेली तर नाही गेली, मारू नको. मी माझ्या हाताकडं बघायचो. आयुष्यभर रुमणं, कासरा, कुऱ्हाड धरलेला हात. त्याला उघडं राहणं ठाऊकच नव्हतं. ज्वारीच्या ताटाला हात लावताना, भाकरी मोडताना, मी बोटं सैल सोडायचा सराव करायचो. सुनीतानं एकदा विचारलं, "मामा, हातावरनं वारं गेलं का?"

मग इस्माईलभाई आला. मला केबिनमध्ये बघून कपाळावर हात मारला, अन् शेजारी चढून बसला. त्यानं मला दोनदा क्लच दाबायचं शिकवलं. एकदा दाबायचा, दांडी मधोमध रिकामी आणायची, क्लच सोडायचा. थांबायचं. इंजिनचा आवाज उतरू द्यायचा. मग पुन्हा दाबायचा अन् वरचा गिअर. "काका, बीच में रुकना," तो म्हणायचा. "वो रुकना आया तो सब आया. जल्दी नक्को. आवाज खुद बोलती, अब डालो." अन् खालच्या गिअरला उलटं. मधोमध आणून क्लच सोडला की जरा रेस द्यायची, इंजिन चढवायचं, मग खालचा टाकायचा. वेग कमी करायचा अन् त्यासाठी पाय रेसवर द्यायचा, हे माझ्या डोक्यात लवकर शिरेना. मी भांडलो त्याच्याशी. तो म्हणाला, "अंदर जाके बेटे से लडो."

मधोमधचं ते थांबणं मला फार जड गेलं. त्या घडीला गाडी कुठल्याच गिअरमध्ये नसते, नुसती आपल्या वजनानं पळते, अन् आपण काही करायचं नसतं. मला जन्मात काही न करता बसता आलेलं नाही. अन् त्या दिवसांत तर नाहीच. आत लेकरू सडतंय अन् तू थांब म्हणायचं. माझा हात आपोआप दांडीवर जोर करायचा, अन् करकर व्हायची, अन् सुनीता पळत यायची.

थंडी वाढली. माळावरच्या गवतावर सकाळी दव असायचं अन् चाकांच्या दोन काळ्या वाटा पडायच्या. शिवारात तुरीची कापणी सुरू झाली, पेंढ्या रचलेल्या, त्यांचा तो कोरडा, जरा कडवट वास. माझी तूर शेतात उभी होती. मी मात्र माळावर, पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. गाव म्हणायचं, म्हातारा खुळा झाला. म्हणू द्या.

अन् मग येळवशीच्या आदल्या दोन दिवसांत जे झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एका सकाळी सगळंच जमलं. मी क्लच दाबला, दांडी मधोमध आली, पाय सोडला, थांबलो. खरंच थांबलो. आवाज उतरत उतरत आला, अन् आतून काहीतरी हो म्हटल्यासारखं वाटलं. तळहातानं ढकललं तर दुसरा असा पडला की मलाच कळलं नाही. तिसरा. मग खाली येताना रेस देऊन दुसरा. पाण्यात पाय घातल्यावाणी. माळाच्या टोकाला जाऊन वळलो, पुन्हा सगळं तसंच. माझी छाती फुगली. एकसष्टाव्या वर्षी! गाडी घेऊन घराशी आलो तर सुनीता खिडकीशी नुसती उभी.

"काय म्हणला?"

"काहीच म्हणनात, मामा."

मी आत गेलो. "आज काय चुकलं?"

"न्हाई," तो म्हणाला.

दिवसभर गप्प. संध्याकाळी घास नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगला आलेला माणूस बाहेर येऊन हात धूत राहिला, माझ्याकडं बघेना. तेव्हा मला समजलं मी काय करून बसलो. त्याला जिता ठेवणारी एकच गोष्ट होती, माझं चुकणं. अन् ती मी माझ्या हट्टानं संपवली होती.

दुपारी पुन्हा गाडीत चढलो. अर्धा क्लच दाबून दांडी हाणली. कर्रर्र. पुन्हा. गाडीची आतडी पिळवटतेय असं वाटलं, माझीही. सुनीता आली नाही. मी पुन्हा हाणली. मग ती दारात आली, अन् पळाली नाही, सावकाश चालत आली. डोळे लाल.

"मामा, ते म्हणायलेत, मुद्दाम करायलाव. दात झडतील. बंद करा."

मी गाडी बंद केली. आत गेलो अन् खाटेशी जमिनीवर बसलो. स्वैपाकघरात उद्याच्या भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, पावट्याचे दाणे शिजत होते. सगळ्या घरात येळवशीचा वास, अन् त्याखाली तो दुसरा वास.

"मग काय करू?" मी म्हटलं. "नीट टाकला तर तू बोलंनास. वाकडा टाकला तर बंद कर म्हणतोस. मी काय करू, सांग की."

मग भिंतीकडूनच, "रिकाम्या गाडीचा गिअर सपाटीला कुणालाबी पडतो. ओझं घालून उताराला पडला तर शिकलास म्हण."

"उद्या नेतो. कोपीचा कडबा भरून शेतात. वढ्याच्या उतारानं."

"उताराला सेकंड न्हाई पडला तर गाडी सुटंल. तुला अजून आवाज कळंना पुरता. न्यूट्रलमदी वढ्यात जाशील."

"जाईन."

"मरशील, दादा."

"बरंच हाय की. तुझ्या आधी गेलो तर सुटलो. तुझ्या मागं ऱ्हायचं मला जमायचं न्हाई."

स्वैपाकघरातली पळी थांबली. व्यंकटनं मान वळवली. लातूरहून आल्यापासून पहिल्यांदा त्याचा पुरा चेहरा मला दिसला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, अन् डोळे माझ्या बापाचे.

"वस्तादाला घे शेजारी."

"येळवस हाय. उद्या कोण कुणाचं येतंय?"

"मग नेऊ नको."

"नेणार."

"म्हाताऱ्या, तुला कळंना का..."

"आवाज कळणारा माणूस शेजारी बसला तर नेतो नीट. न्हाई बसला तरी नेणार."

"मला बसता येत न्हाई!" तो ओरडला. सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल.

"तू बसून बघितलास कव्हा?"

त्यानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी माळावरून कडब्याच्या पेंढ्या आणून गाडी भरली. सुनीतानं दोन गोधड्या पिळून, डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशी पण मोठी चुंबळ वळली, जखम मधल्या खळग्यावर अधांतरी राहील अशी, अन् केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जी आडवी फळी असते तिच्यावर मांडली. शेजारचे दोघे भाऊ टोपल्या घेऊन शेताला निघाले होते, त्यांना हाक मारली. व्यंकटनं आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या, कुणालाही सोडलं नाही. उचलून वर चढवताना दुखण्यानं किंचाळला, अन् त्यानं दाराची कड धरली. धरली, अन् स्वतःला वर ओढलं. सुनीतानं आपल्या जुन्या लुगड्यानं त्याला छातीशी पाठीमागच्या पत्र्याला बांधलं अन् स्वतः त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. तो घामानं निथळत होता. मी विचारलं नाही, कसं वाटतंय म्हणून.

माळ संपला, शेताकडची पाणंद लागली. दोन्ही बाजूंना तुरी. मी तिसऱ्यात होतो. पुढं वढ्याचा उतार दिसला. मागं कडबा, शेजारी लेकरू. मी डावा हात दांडीकडं नेला, तर तिथं आधीच एक हात होता. तळहात उघडा, दांडीवर नुसता टेकलेला.

"दाब," व्यंकट म्हणाला.

मी क्लच दाबला. दांडी मधोमध आली.

"सोड. थांब. थांब, दादा… रेस दे."

दिली. इंजिन चढलं.

"दाब."

मी दाबला, अन् त्याच्या उघड्या तळहातानं दांडी सेकंडमध्ये ढकलली.